साठची तार

जाड आणि घट्ट असलं की आवाज मोठा येतो, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते आमच्या घरातच होतं. माझे वडील, म्हणजे आप्पा, तेरखेड्याजवळ एका फटाक्याच्या कारखान्यात सुतळी बॉम्ब गुंडाळायला जातात. माझ्या जन्माच्या आधीपासून जातात. कारखाना म्हणजे माळावर एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. बारावीनंतर एक वर्ष मी घरी होतो, तेव्हा मीही आप्पांच्या शेजारी बसून सुतळी गुंडाळली आहे. माझी गुंडाळी सैल पडायची. आप्पा ती अंगठ्यानं दाबून बघायचे आणि काही न बोलता उलगडून परत माझ्यासमोर ठेवायचे.

म्हणून इलेक्ट्रिक गिटारच्या तारा निवडायची वेळ आली तेव्हा मी मिळेल ती सगळ्यात जाड तार निवडली. ती चूक होती. एवढं सांगून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या चुकीच्या मागं एक राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

धाराशिवला कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा फी माफीचा फॉर्म भरायचा होता. त्यात पालकांचा व्यवसाय असा एक रकाना होता. आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म याआधी कुणी भरलेला नव्हता, त्यामुळं काय लिहितात ते मला माहीत नव्हतं. मी खरं तेच लिहिलं. खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म वाचला आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "फटाके? म्हणजे तुमच्याकडं वर्षभर दिवाळीच की राव."

रांग हसली. मीही हसलो. क्लार्कचा मला राग आहेच, पण मी का हसलो, याचा जास्त आहे.

आप्पांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. तयार झालेल्या मालातले दोनचार नग माळावर नेऊन वाजवून बघायचे असतात. ते काम बरीच वर्षं आप्पांकडं होतं. काठीच्या टोकाला उदबत्ती बांधून ते वात पेटवायचे आणि वळायचे, दर वेळी त्याच अंगानं. कान एका दिवसात गेला नाही. कधी गेला ते त्यांनाही सांगता येत नाही. आमच्या घरात जेवायला बसताना आप्पांच्या उजव्या हाताला भिंत असते. बाकी सगळे डावीकडं. मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात वडील भिंतीला लागून बसतात.

त्या क्लार्कचं वाक्य कॉलेजात पसरलं. गॅदरिंग आलं की कुणीतरी म्हणायचंच, "ह्याला सांगा, ह्याच्याकडं वर्षभर दिवाळी." मी ते वाक्य एका प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. त्याच्या खाली दुसरं वाक्य लिहिलं, मग तिसरं. त्याचं गाणं झालं. त्यात भिंत होती, उदबत्ती होती, आणि ज्यांच्या लग्नात आवाज पाहिजे पण आवाज करणारा माणूस मांडवात नको, ते लोक होते. दर कडव्यानंतर 'वर्षभर दिवाळी' हेच शब्द परत येत होते, एकेक तोडून, ओरडून म्हणायचे.

ओरडून म्हणायचे, कारण आम्ही वाजवतो ते संगीत तसलं आहे. जड, जोराचं, गिटारचा आवाज फाटेपर्यंत वाढवलेलं. मी ते मोबाईलवर ऐकूनच शिकलो. गावात त्याला कुणी गाणं म्हणत नाही. आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "ह्या माणसाला कुणी मारायलंय का?"

आम्ही तिघं होतो. ड्रम वाजवणारा सास्तूरचा, शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला कमी. गाणारा धाराशिवचाच, वकिलाचा मुलगा. सराव त्याच्याच घराच्या गच्चीवरच्या खोलीत व्हायचा, गिटारचा आवाज वाढवणारा अँपही त्याचाच. मी गिटार वाजवायचो. माझी गिटार बार्शीच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून आलेली, तिच्यावरच्या तारा गंजून काळ्या पडल्या होत्या. बोटं फिरवली की कातडी काळी व्हायची. आम्ही सगळ्या तारांचा सूर नेहमीपेक्षा खाली उतरवून वाजवायचो आणि सगळ्यात जाड तारेचा आणखी खाली. तसं केल्याशिवाय त्या गाण्याला वजन येत नाही.

गाणाऱ्यानं एका स्टुडिओत दिवस ठरवला आणि त्याच दिवशी मला म्हणाला, "तुझ्या गिटारचा आवाज मेलाय, भाई. तारा बदल. आणि नसेल जमत तर टेन्शन नाही, माझा आतेभाऊ येणारच आहे पुण्याहून. तो वाजवेल."

"गाणं मी लिहिलंय," मी म्हणालो.

"गाणं तुझंच राहतंय ना. वाजवायचं म्हणतोय मी."

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, पण मला एकच गोष्ट पाहिजे होती. हे गाणं आप्पांनी ऐकावं, आणि ऐकतील तेव्हा त्यातली गिटार माझ्या हातची असावी. कान आप्पांनी दिला होता, आणि त्या कानावरच्या गाण्यात पुण्याच्या कुणाचा तरी हात असावा हे मला सहन होणार नव्हतं.

धाराशिवच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथं पेट्या दुरुस्त होतात, ढोलक्यांना पानं चढतात. दुकानदार म्हणाला, "इलेक्ट्रिकची न्हाय. बँजोची तार हाय, ती घाल. स्टीलच हाय की ती बी."

"जाड तारा लागत्यात, काका. वरून गुंडाळलेल्या."

"मंग गुंडाळून घे," तो म्हणाला, आणि पुन्हा पेटीत डोकं घातलं.

शेवटी मोबाईलवरून मागवायच्या ठरवल्या. एकच संच घेणं जमणार होतं, त्यामुळं चार दिवस मी फक्त आकडे वाचत होतो. तारांच्या पाकिटावर दोन आकडे असतात. पहिला सगळ्यात बारीक तारेचा आणि दुसरा सगळ्यात जाड तारेचा. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले किती, असं ते माप. नऊ-बेचाळीस म्हणजे बारीक. दहा-सेहेचाळीस सगळे वापरतात. मग दहा-बावन्न, अकरा-चोपन्न, आणि शेवटी बारा-साठ. व्हिडिओत एक माणूस छाती ठोकून सांगायचा की जाड तारेशिवाय दम नाही. दुसरा तितकंच छाती ठोकून सांगायचा की रेकॉर्डिंगला बारीक तारच स्पष्ट वाजते. कुणी म्हणायचं निव्वळ स्टीलची घ्या, कुणी म्हणायचं निकेलचा मुलामा असलेली घ्या. ते सगळे चांगल्या खोल्यांत बसलेले होते, मागं भिंतीवर दहादहा गिटारी टांगलेल्या. मला त्यांचाही राग यायला लागला. ज्याच्याकडं दहा गिटारी आहेत त्याला चुकायला जागा आहे.

मी बारा-साठ घेतला. जाड म्हणजे मोठा आवाज. त्यापुढं मी विचारच केला नाही.

पाकीट आलं त्या शनिवारी गावी गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या डावीकडं बसलो आणि साठची तार वेटोळ्यातून सोडवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. करकर असा आवाज झाला.

"हिच्यावर दुसरी तार गुंडाळलीय व्हय?"

"व्हय. आत एक सरळ तार असती, वरून ही."

"मशिनीवर?"

"मशिनीवरच."

"तरीच. एक बी फट न्हाय." त्यांनी तार उजेडाकडं धरली. मग माझ्या गिटारकडं बघितलं. "पर लई जाड हाय रं ही. तुझं लाकूड बारीक. बॉम्बच्या बारक्या पुडीला जाड सुतळी चालत न्हाय. ती वळायला बघत न्हाय, मंग फट राहती, आन आवाज निस्ता भस्सकन जातो."

ते बरोबर बोलत होते. मला तेव्हा ते कळलं नाही. माझ्या डोक्यात आठवडाभराचं सगळं साचलं होतं, गाणारा, आतेभाऊ, व्हिडिओतली माणसं. मी उठलो, पिशवी घ्यायला त्यांच्या मागून उजव्या अंगाला गेलो, आणि तिथून हळूच म्हणालो, "तुमाला काय कळतंय ह्यातलं."

मुद्दाम उजव्या बाजूनं म्हणालो का? मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. पिशवी खरंच तिकडं होती. पण डावीकडं असती तर मी ते म्हणालो असतो का, याचं उत्तर मला देता येत नाही. आप्पांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी तारेचं वेटोळं होतं तसं करून पाकिटात घातलं.

रविवारी मी तारा चढवल्या. गिटारच्या मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडं जातात. साठची तार त्या खाचेत बसेना, वरच तरंगत राहिली. मी सँडपेपरची घडी करून खाच रुंद केली. तार बसली. सगळ्या तारा ओढल्यावर मान किंचित वाकल्यासारखी वाटली, पण मी ते भास म्हणून सोडून दिलं. अँपशिवाय वाजवून बघितली तर ती घुमत होती. मला बरं वाटलं.

स्टुडिओ बार्शीला एका हार्डवेअरच्या दुकानावर आहे. तिथं जास्त करून भजनं, निवडणुकीची गाणी आणि लग्नाच्या पत्रिकेसोबत मोबाईलवर पाठवायची गाणी रेकॉर्ड होतात. चालवणारे काका पन्नाशीचे, कानाचे फार पक्के. असलं संगीत त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, पण ते आम्हाला हसलेही नाहीत. सकाळी ड्रमचं काम झालं. मग मी बसलो. आतेभाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर होता, त्याची गिटार मांडीवर. नुसता बघायला आलोय म्हणणारा माणूस गिटार घेऊन कशाला येतो?

मी वाजवलं. काकांनी ते परत ऐकवलं.

भिजलेल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज होता. जिथं पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चपट्या तुकड्याचा, ठोका कळायला पाहिजे तिथं नुसता गुरगुराट. आणि मानेवर बोटं वर सरकवली की सूर पाहिजे त्याच्याही वर चढत होता. एकेक तार वेगळी बरोबर, पण दोन मिळून वाजल्या की भांडायच्या. मी पुन्हा वाजवलं. जास्त जोर लावला. आणखी वाईट झालं.

"घरंगळतंय, पोरा," काका म्हणाले. "तू एकीकडं चाललास, सूर एकीकडं."

आतेभाऊ उठून आला. त्यानं माझ्या गिटारच्या मानेवरून एक डोळा मिटून बघितलं. "साठची लावलीस? मित्रा, लोक सूर याच्या खूप खाली नेतात तेव्हा एवढी जाड घालतात. तुमच्या सुराला बावन्न पुरे. ही ताठ बसते, म्हणून ठोका उमटत नाही. आणि एवढी जाड तार घातली की तारा टेकतात ती खालची घोडी मागं सरकवावी लागते, नाहीतर वर सूर चढतोच."

तो वाईट बोलला नाही. आजही मला तो माणूस वाईट वाटत नाही. पण आप्पांनी ओट्यावर बसून सुतळीच्या भाषेत जे सांगितलं होतं तेच तो सांगत होता, आणि मी त्याचं ऐकत होतो, कारण तो पुण्याचा होता.

गाणाऱ्यानं घड्याळ बघितलं. "चल, आता वेळ नाही. तूच वाजव रे," तो आतेभावाला म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू नाराज नको होऊ. तुला काय, वर्षभर दिवाळी. पुढच्या वेळी वाजव."

तो चेष्टेनं म्हणाला. रोज तेच शब्द ओरडून गाणारा माणूस. वहीच्या मागच्या पानावर ते कुठून आले, हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं होतं, 'भारी आहे' म्हणाला होता, आणि गेले चार महिने ते शब्द गात होता. तरी ते त्याच्यासाठी चेष्टाच राहिले होते. मी त्याचा हात खांद्यावरून काढला. मारायचा विचार डोक्यात आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

"मी वाजवणार," मी म्हणालो. माझा आवाज कापत होता, आणि त्यामुळं ते धमकीसारखं न वाटता रडल्यासारखं वाटलं असणार.

मग ड्रमवाला सास्तूरकडच्या त्याच्या संथ आवाजात म्हणाला, "त्याचंच गाणं हाय की. वाजवू द्या की त्याला."

काकांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, असल्या गाण्यात गिटार दोनदा लागते. एक डावीकडं, एक उजवीकडं. तुम्ही दोघं आहात. हा तारा बदलेपर्यंत पाहुण्यांचं घेतो, मग ह्याचं. चारला भजनी मंडळ येणार आहे, त्याच्या आत उरका."

दोन्ही बाजू माझ्याच असाव्यात असं मला वाटत होतं. पण माझ्या हातात साठची तार होती. आतेभावानं बॅगेतून एक पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. दहा-बावन्न. मी लगेच घेतलं नाही. त्यानं ते माझ्या शेजारी बाकावर ठेवलं आणि आत गेला. मग मी घेतलं.

बाहेरच्या जिन्यात बसून तारा बदलल्या. आतून माझं गाणं त्याच्या हातून वाजलेलं ऐकू येत होतं. स्वच्छ वाजवत होता. एकही चूक नाही. ते ऐकत मी बारीक तारेचं टोक बोटात घुसवून घेतलं. आणि बावन्नची तार खाचेत टाकली तर ती आत खुळखुळायला लागली. खाच मी साठसाठी घासून ठेवली होती ना. शेवटी तारेच्या पाकिटाच्या कागदाचा एक तुकडा फाडला, घडी केली आणि खाचेत तारेच्या खाली दाबून बसवला. खुळखुळ थांबली.

नव्या तारा ताणून ताणून परत लावाव्या लागतात, नाहीतर त्या वाजवताना उतरतात. एरवी एक रात्र आधी चढवतात त्या यासाठीच. मला जेमतेम दहा मिनिटं मिळाली.

आत बसलो. काका म्हणाले, "जोर कमी लाव, नीट लाव." मी जोर कमी लावला नाही. पण या वेळी तार माझं ऐकत होती. पिक पडला की ठोका वेगळा कळत होता आणि त्याच्या मागून गुरगुर येत होती. पहिलं कडवं, भिंतीचं. मग उदबत्तीचं. क्लार्कची खिडकी, रांगेतलं हसणं, माझं स्वतःचं हसणं, खांद्यावरचा तो हात, सगळं मनगटात उतरलं होतं. शेवटच्या चार ओळींत मला जाणवलं की जाड तार किंचित खाली गेली आहे. थांबलो नाही. वाजवून संपवलं.

"शेवटाला जरासं उतरलं," काका म्हणाले. "पण बाकी... बाकी ठीक आहे." खाली जिन्यावर टाळ-पखवाज घेऊन भजनी मंडळ चढत होतं. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता.

काकांनी दोन्ही गिटारी एकत्र करून माझ्या कानाला हेडफोन लावला. डाव्या कानात आतेभाऊ, उजव्या कानात मी. दोन्ही मिळून भिंत उभी राहावी तसा आवाज होता. मला आनंद व्हायला लागला होता, आणि तेवढ्यात डोक्यात आलं की उजव्या कानात मी आहे.

आप्पांना मी ऐकूच येणार नव्हतो. त्यांच्या चांगल्या कानात पुण्याचा मुलगा वाजणार होता.

"काका," मी म्हणालो, "डावी-उजवी बदलता येते का?"

"येती की. एका बटणाचं काम. पण कशाला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्या वडिलांना डाव्याच कानानं ऐकू येतं. एवढंच. त्याच गोष्टीवर गाणं लिहून, ते चार महिने गच्चीवर वाजवून, आत्ता पाच मिनिटांपूर्वी मनगट दुखेपर्यंत वाजवून, मला ते साधं वाक्य चार माणसांसमोर म्हणता येईना. मला वाटलं, कुणीतरी हसेल. आणि मग मीही हसेन.

"डावं काय न् उजवं काय," गाणारा म्हणाला, "ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?"

"काही नाही," मी म्हणालो. "असू द्या तसंच."

बसमध्ये परत येताना मी खिडकीच्या गजावर मूठ आपटत होतो, शेजारचे आजोबा सरकून बसले तेव्हा थांबलो. त्या दिवशी मला सगळ्यांचा राग होता, पण त्या 'असू द्या'चा जो राग आहे तसा दुसऱ्या कशाचाच नाही.

नंतर गाणाऱ्याचा आवाज भरला, आणि गाणं तयार होऊन आलं त्या रविवारी गावी गेलो. आधी मोबाईलवर तसंच लावलं. आप्पांनी मोबाईल डाव्या कानाशी धरला आणि म्हणाले, "डब्यात माशी अडकल्यागत वाजतंय." मग मी पिशवीतून ड्रमवाल्याचा हेडफोन काढला. कसलं काही न सांगता तो उलटा धरला आणि त्यांच्या डोक्यावर बसवला. उजवीकडचा कप डाव्या कानावर.

"ही वायर ह्या अंगाला कशी?" आप्पांनी विचारलं. शेजारच्या पोरांना हेडफोन घातलेले त्यांनी बघितले होते.

"असंच घालायचं असतंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान थोडी वाकवून ऐकायला लागले. मी त्यांच्या समोर बसलो होतो. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गाण्याचा आवाज हेडफोनच्या कडेनं बारीक बाहेर येत होता, त्यामुळं ते कुठवर आले हे मला कळत होतं. भिंतीच्या कडव्याला त्यांचा चेहरा तसाच होता. शब्द त्यांना कळत होते की नाही, मला माहीत नाही, असल्या गाण्यात शब्द कळायला सवय लागते. उदबत्तीच्या कडव्याला त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला. गुंडाळताना फिरतो तसा.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

गाणं संपलं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्या कपावरचा स्पंज दाबून बघत राहिले.

"तूच वाजवलंय न्हवं हे?"

"व्हय."

"मला काय कळतंय ह्यातलं म्हणा," आप्पा म्हणाले, "पर शेवटाला पीळ सुटलाय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. आमच्याकडं मोठी माणसं असं बोलतातच, आधी स्वतःकडं कमीपणा घेऊन मग सांगायचं ते सांगतात. ते तसंच बोलले असतील. किंवा त्या शनिवारी त्यांना ऐकू आलं असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

मी आत जाऊन गिटार आणली. त्यांच्या डावीकडं बसलो, आणि खाचेत कागद कोंबलेली ती मान त्यांच्या हातात दिली. "आप्पा," मी म्हणालो, "तार वाजवताना उतरती. कशानं उतरत असंल, बघा बरं."

त्यांनी बावन्नच्या तारेवरून नख फिरवलं. मग खुंटीपाशी गेले, जिथं मी तार घाईघाईत गुंडाळली होती. एकावर एक चढलेले वेढे, मधे फट. त्यांनी ते अंगठ्यानं दाबून बघितलं आणि काही न बोलता खुंटी उलटी फिरवायला लागले.